केळीचे ऊतिसंवर्धन: तालुक्याच्या महाविद्यालयातील लहान प्रयोगशाळेसाठी मार्गदर्शन

अकोट, अंजनगाव सुर्जी, अचलपूर या सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पट्ट्यात केळीची बाग लावणारा शेतकरी आज ‘टिश्यूची रोपे’, म्हणजे ऊतिसंवर्धनाने बाटलीत वाढवलेली रोपे, सहज मागतो. मात्र ती रोपे ज्या बाटलीतून बाहेर येतात ती बाटली त्याने, आणि बहुतेक वेळा विज्ञान शाखेत शिकणाऱ्या त्याच्या मुलामुलींनीही, पाहिलेली नसते. वनस्पतिशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम चालवणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयाला दरवर्षी काही शे रोपे स्वतःच्या हाताने तयार करता येतील एवढी प्रयोगशाळा उभी करणे शक्य आहे, आणि पुढील मार्गदर्शन अशाच प्रयोगशाळेसाठी लिहिले आहे. बाटलीत ऊती ज्यावर वाढते त्या माध्यमाची कृती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. ती तंतोतंत पाळूनही बाटल्या बुरशीने भरतात किंवा बाटलीतली हिरवीगार रोपे ट्रेमध्ये आठवडाभरात माना टाकतात, कारण विदर्भात या कामाचे यश रसायनांच्या वजनापेक्षा पाण्यावर, उन्हाळ्यावर आणि काम कोणत्या महिन्यात सुरू केले यावर अधिक ठरते. म्हणून येथे भरही त्याच गोष्टींवर दिला आहे.

ऊती बाटलीत का वाढते

वनस्पतीच्या एकेका जिवंत पेशीत अख्खे झाड पुन्हा घडवण्याची क्षमता असावी, ही कल्पना ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. त्यांनी वेगळ्या केलेल्या पेशी काही काळ जगल्या, परंतु विभागल्या नाहीत. त्यांना जे साधले नाही त्याचे कारण पुढे कळले. पेशीला साखर आणि क्षार एवढेच पुरत नाहीत, तिला संप्रेरकांचा योग्य तोल लागतो. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतीवर दाखवून दिले, की माध्यमात सायटोकायनिन या संप्रेरकाचे प्रमाण ऑक्झिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या तुलनेत जास्त ठेवले तर कोंब फुटतात, ऑक्झिन जास्त ठेवले तर मुळे फुटतात आणि दोन्ही साधारण बरोबरीने असले तर नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. पुढे सांगितलेल्या सर्व कृतीचा पाया हा एवढाच नियम आहे. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूसाठीच जे पोषणमाध्यम ठरवले, ते ‘एम.एस. माध्यम’ या नावाने आजही जगभर वापरले जाते. भारतातही हे काम जुने आहे. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश महेश्वरी यांनी १९६४ मध्ये, आपल्याकडे उकिरड्याच्या कडेला उगवणाऱ्या धोतऱ्याच्या एका जातीच्या परागकोशांपासून एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) रोपे मिळवली होती.

प्राण्यांच्या ऊतीही प्रयोगशाळेत वाढवल्या जातात, आणि रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील चेतातंतू शरीराबाहेर वाढवून दाखवल्यापासून ते शास्त्र फार पुढे गेले आहे. विद्यार्थी त्याविषयी हमखास विचारतात. परंतु सस्तन प्राण्यांच्या पेशींना ३७ अंश सेल्सिअस तापमान, सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा, रक्तद्रव मिसळलेले माध्यम आणि साठवणीसाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो. तालुक्याच्या ठिकाणी त्याचा नाद न धरता वनस्पतीपासूनच सुरुवात करावी.

वनस्पतींमध्येही केळीच का, याचे उत्तर सरळ आहे. खाण्याच्या केळीला रुजणारे बी नसते, लागवड कंदाने करावी लागते आणि कंदाबरोबर सूत्रकृमी, सोंडकिडा व मर रोगाची बुरशी नव्या वावरात जाते. कपाशी बियाण्यावर येते, त्यामुळे तेथे या खटाटोपाची गरजच नाही. वरूड-मोर्शीकडचे संत्रा बागायतदार ‘संत्र्याचे टिश्यू करता येईल का’ असे विचारतात. संत्र्यात वेगळी पद्धत अवलंबतात, ज्यात शेंड्याचे मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढे टोक सूक्ष्मदर्शीखाली कापून काचेच्या नळीत उगवलेल्या खुंटाच्या रोपावर बसवतात. ते काम नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेसारख्या ठिकाणचे आहे, नवशिक्यांचे नाही.

वर्षाचे गणित आधी मांडावे

केळीच्या शेंड्यापासून शेतात लावण्याजोगे रोप मिळेपर्यंत दहा-अकरा महिने जातात, म्हणून लागवडीच्या तारखेपासून उलटे मोजत यावे. आपल्याकडे केळीची लागवड मृगबागेसाठी जून-जुलैत आणि कांदेबागेसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. मृगबाग धरली तर बाटलीतून बाहेर काढलेली नाजूक रोपे हवेला सरावण्याचा काळ नेमका एप्रिल-मे मध्ये येतो, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि हवेत ओलावा नावालाही नसतो. मोठ्या कंपन्या थंड हरितगृहे बांधून त्यातून मार्ग काढतात. महाविद्यालयाने त्या वाटेस जाऊ नये आणि कांदेबागेचेच गणित धरावे.

त्या हिशेबाने डिसेंबरमध्ये मुनवे (केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्ले) आणून सुरुवात करावी. डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत शेंडा बाटलीत स्थिरावतो, तेथून जुलैच्या आरंभापर्यंत चार-चार आठवड्यांचे गुणनाचे, म्हणजे एका कोंबाचे अनेक कोंब करण्याचे, सहा फेरे होतात, जुलैत मुळे फुटतात आणि ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे तीन महिने, जेव्हा हवा आपोआप दमट असते, रोपे बाहेर कणखर होतात. डिसेंबरचा आणखी एक लाभ असा, की कोरड्या हंगामात काढलेल्या मुनव्यांवर जंतूंचा भार कमी असतो. पावसाळ्यात चिखलातून काढलेला मुनवा कितीही धुतला तरी त्याच्या बाटल्या अधिक खराब होतात. उन्हाळा मात्र बाटल्यांना खोलीतच काढावा लागतो, आणि तेथे जागेचा प्रश्न येतो.

जागा, थंडावा आणि वीज

भांडी धुणे व माध्यम शिजवणे, निर्जंतुक काम करणे आणि बाटल्या वाढवणे या तीन कामांना तीन वेगळ्या जागा हव्यात. त्या तीन खोल्याच असाव्यात असे नाही. एका मोठ्या खोलीत ॲल्युमिनियमचे पडदे घालूनही काम भागते, परंतु बाहेरून येणाऱ्याला धुण्याच्या भागातून गेल्याशिवाय निर्जंतुक भागात पाऊल टाकता येणार नाही अशी मांडणी असावी. खोली पश्चिमेच्या भिंतीला लागून किंवा थेट गच्चीखाली निवडू नये. निर्जंतुक भागाची खिडकी कायमची बंद करावी आणि छताचा पंखा काढूनच टाकावा, कारण तो असला की मे महिन्यात कोणीतरी तो लावणारच.

कूलरविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. विदर्भात उन्हाळ्यात खोली थंड करायची म्हणजे कूलर, हे इतके अंगवळणी पडले आहे, की ऊतिसंवर्धनाच्या खोलीलाही खिडकीत कूलर बसवण्याचा विचार प्रामाणिकपणे मांडला जातो. कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो, त्या ताट्यांवर बुरशी वाढलेलीच असते, आणि तिचे बीजाणू ओलाव्यासह खोलीभर पसरतात. वाढीच्या खोलीत आतलीच हवा थंड करणारा वातानुकूलन संच लागतो. त्याला पर्याय नाही. तापमान २५ अंश, फार तर दोन अंश इकडेतिकडे, आणि दिवसाला १६ तास दोन ते तीन हजार लक्स प्रकाश एवढे पुरेसे आहे. जुन्या ट्यूबलाइटऐवजी एलईडी नळ्या लावल्या तर मांडणीवर उष्णता कमी साठते आणि संचावरचा भारही हलका होतो.

भारनियमन किंवा वादळी पावसाने वीज गेली तर घाबरण्याचे कारण नसते. दोन-चार तासांच्या अंधाराने केळीच्या ऊतीला काही होत नाही आणि तापमान काही काळ ३० अंशांवर गेले तरी ती तग धरते. खरा धोका तापमानाच्या चढउताराचा आहे. खोली तापली की बाटलीतली हवा प्रसरण पावून झाकणाच्या फटीतून बाहेर पडते आणि पुन्हा गार झाली की बाहेरची हवा, तीतील बीजाणूंसह, आत ओढली जाते. म्हणून वीज गेल्यावर खोलीचे दार उघडू नये, आणि वीज आल्यावर संच एकदम अतिथंड करू नये. निर्जंतुक काम चालू असताना लॅमिनार कक्षाचा (ज्यात गाळलेली स्वच्छ हवा सतत वाहते त्या कामाच्या कक्षाचा) पंखा बंद पडला, तर हातातली बाटली झाकून काम तेथेच थांबवावे. पंखा पुन्हा सुरू झाल्यावर किमान १५ ते २० मिनिटे हवा वाहू द्यावी, पृष्ठभाग अल्कोहोलने पुसावा आणि मगच बसावे. कक्षाला आणि एका दिव्याला पुरेल एवढा इन्व्हर्टर असल्यास हे सर्व टळते.

पाणी

पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे व बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे. त्या पाण्यात केलेल्या माध्यमात सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट इतके असतात, की एम.एस. माध्यमाचे मोजून घेतलेले प्रमाण निरर्थक होते आणि सामू हवा तेथे टिकत नाही. पाणी आधी आरओमधून काढावे आणि मग ऊर्ध्वपातित करावे. थेट बोअरचे पाणी ऊर्ध्वपातन यंत्रात घातले तर तापक कांडीवर क्षारांचे पांढरे थर बसतात आणि ती लवकरच निकामी होते. गॅरेजात मिळणारे ‘बॅटरीचे पाणी’ टीडीएस मापकावर (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) तपासल्याशिवाय वापरू नये. बाटल्या धुताना पहिले पाणी नळाचे चालेल, शेवटची विसळणी मात्र ऊर्ध्वपातित पाण्यानेच करावी.

माध्यम

एक लिटर एम.एस. माध्यमात अमोनियम नायट्रेट १६५० मिलिग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १९००, कॅल्शियम क्लोराइड ४४०, मॅग्नेशियम सल्फेट ३७० आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १७० मिलिग्रॅम असते. लोहासाठी फेरस सल्फेट २७.८ आणि डायसोडियम ईडीटीए ३७.३ मिलिग्रॅम एकत्र विरघळवून गडद रंगाच्या बाटलीत ठेवतात. सूक्ष्म घटकांत तांबे व कोबाल्टचे क्षार प्रत्येकी केवळ ०.०२५ मिलिग्रॅम लागतात, आणि महाविद्यालयाच्या काट्यावर हे वजन करणे अशक्य असल्याने प्रत्येकी २५ मिलिग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातील एक मिलिलिटर घ्यावा. कॅल्शियमचे संहत द्रावण इतर क्षारांत मिसळून ठेवू नये. फॉस्फेट व सल्फेटबरोबर त्याचा साका खाली बसतो. विद्यार्थ्यांना एकदा हे सर्व हाताने करायला लावावे. त्यानंतर बाजारात मिळणारी तयार पूड वापरावी, कारण प्रत्येक वेळी वीस घटक तोलण्यात चुकीला फार जागा असते.

क्षारांखेरीज लिटरला मायो-इनॉसिटॉल १०० मिलिग्रॅम, थोडी जीवनसत्त्वे, साखर ३० ग्रॅम आणि घट्टपणासाठी अगार ७ ते ८ ग्रॅम लागते. किराणा दुकानातली स्वच्छ पांढरी साखर केळीला पूर्णपणे चालते. संप्रेरकांपैकी बीएपी हे सायटोकायनिन नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही. १०० मिलिग्रॅम पूड सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत विरघळवून १०० मिलिलिटरपर्यंत पाणी घालावे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असे द्रावण मिळते आणि पुढचे मोजमाप सोपे होते. शेंडा स्थिरावण्यासाठी व गुणनासाठी लिटरला ३ ते ५ मिलिग्रॅम बीएपी पुरते. सामू अगार घालण्यापूर्वी ५.८ वर आणावा. तो फार खाली राहिला तर अगार नीट गोठत नाही आणि फार वर गेला तर माध्यम दगड होते.

शिजवलेले माध्यम काचेच्या बाटल्यांत प्रत्येकी ३० ते ४० मिलिलिटर ओतून, झाकणे अर्धवट सैल ठेवून, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंश तापमान आणि चौरस इंचाला १५ पौंड दाब यांवर २० मिनिटे ठेवावे. आतली हवा पूर्ण बाहेर पडून वाफेची अखंड धार सुरू झाल्यावरच झडप बंद करावी. हवा कोंडली गेली तर दाब दिसतो पण तापमान गाठले जात नाही. थोड्या बाटल्यांसाठी घरचा मोठा प्रेशर कुकर चालतो, वेळ मात्र अर्धा तास धरावी. दाब आपोआप उतरू द्यावा, नाहीतर माध्यम उकळून झाकणापर्यंत येते. तयार बाटल्या लगेच वापरू नयेत. तीन-चार दिवस तशाच ठेवल्या म्हणजे ज्यांचे निर्जंतुकीकरण कच्चे राहिले असेल त्या ऊती घालण्यापूर्वीच ओळखू येतात.

मुनव्याची निवड आणि सफाई

ज्या झाडाचा घड पाहिलेला आहे, त्याच झाडाचा मुनवा घ्यावा. अरुंद, निमुळत्या पानांचे तलवारी मुनवे घ्यावेत. रुंद पानांचे वरवर वाढलेले मुनवे सोडून द्यावेत. बागेत पर्णगुच्छ किंवा पानांवर पट्टे पाडणारा हरण्या रोग कोठेही दिसला, तर त्या बागेतून काहीच उचलू नये. टिश्यू कल्चरचे रोप म्हणजे विषाणूमुक्त रोप, असा समज गावोगावी आहे आणि तो चुकीचा आहे: बाटलीत बुरशी व जिवाणू उघड दिसतात, विषाणू दिसत नाही, आणि रोगट मुनव्यापासून हजार रोपे केली तर ती बहुधा हजारही रोगट निघतात. रोपे विकायची असतील तर मातृवृक्षांची विषाणू तपासणी अधिकृत प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून यासाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धत चालवलेली आहे. रोपवाटिकेचा कृषी विभागाचा परवाना वेगळा. अध्यापनासाठी केलेली थोडी रोपे महाविद्यालयाच्याच शेतात लावणे सुरुवातीला श्रेयस्कर.

मुनव्याची मुळे, माती आणि बाहेरचे पापुद्रे प्रयोगशाळेबाहेरच काढून तीन-चार सेंटिमीटरचा ठोकळा उरवावा. तो वाहत्या पाण्याखाली धुऊन, भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब टाकलेल्या पाण्यात हलवून, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या लिटरला एक ग्रॅम द्रावणात अर्धा तास ठेवावा. केळीचा कापलेला भाग हवेत लगेच काळा पडतो, कारण त्यातून फिनॉल द्रव्ये पाझरतात. म्हणून प्रत्येक टप्प्यात तो लिटरला १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल असलेल्या पाण्यात बुडलेला ठेवावा.

पुढचे काम लॅमिनार कक्षात होते. कक्षाचा अतिनील दिवा आधी अर्धा तास लावून, बसण्यापूर्वी न विसरता बंद करावा. ठोकळा ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर, नंतर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १५ ते २० मिनिटे आणि शेवटी निर्जंतुक पाण्यात तीन-चार वेळा बुडवावा. बाजारात मिळणाऱ्या चार टक्के क्लोरीनच्या हायपोक्लोराइट द्रावणात दुप्पट पाणी घातले म्हणजे योग्य तीव्रता मिळते, परंतु ही बाटली उन्हाळाभर दुकानात तापलेली असेल तर तिचा जोर निम्म्यावर आलेला असू शकतो, तेव्हा उत्पादनाची तारीख पाहून घ्यावी आणि ती फ्रीजमध्ये ठेवावी. अनेक जुन्या पुस्तिकांत मर्क्युरिक क्लोराइड सांगितलेले असते. ते प्रभावी आहे यात शंका नाही, पण पाऱ्याचे सांडपाणी कोठे ओतणार याचे उत्तर ज्या महाविद्यालयाकडे नाही, त्याने ते कपाटातही ठेवू नये.

आता प्रत्यक्ष छेद. चिमटा आणि सुरी अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरावी व गार होऊ द्यावी. हाताला अल्कोहोल ओले असताना ज्योतीजवळ हात नेऊ नये. ठोकळा निर्जंतुक बशीत ठेवून पानांचे आवरण बाहेरून आत एकेक करून सोलत जावे. बाहेरची आवरणे जाड, हिरवट आणि चिवट असतात. आत जावे तशी ती पांढरी, पातळ आणि ओलसर होत जातात, आणि शेवटी एकमेकांवर मिटलेल्या दोन-तीन पिवळसर पानांकुरांखाली शेंडा असतो. तेथे हात थांबवावा. आणखी एक आवरण ओढण्याचा मोह झाला तर वाढीचा बिंदूच निघून जातो आणि बाटलीत नुसता कंदाचा तुकडा उरतो. खाली कंदाचा अर्धा ते एक सेंटिमीटर भाग ठेवून, एकूण दीड सेंटिमीटरच्या आसपासचा हा तुकडा बाटलीतील माध्यमात अर्धवट रोवावा. प्रत्येक मुनव्यासाठी सुरी व बशी बदलावी आणि काम चालू असताना बोलू नये, तोंडावर मास्क असला तरी.

गुणन

पहिल्या आठवड्यात तुकड्याभोवतीचे माध्यम काळे पडते. तसे झाल्यास तुकडा नव्या बाटलीत हलवावा, काळी कड खरवडून काढावी. हे दोन-तीन वेळाही करावे लागते. महिन्याभरात तुकडा हिरवा होऊन फुगतो. मग शेंड्यावर मधोमध उभा छेद घ्यावा, म्हणजे मुख्य शेंड्याचा वरचष्मा संपून तळाच्या बगलेतल्या कळ्या सुटतात आणि बुंध्याशी कोंबांचा झुबका तयार होतो. दर चार आठवड्यांनी हा झुबका दोन-तीन कोंबांच्या गटांत वेगळा करून ताज्या माध्यमात लावत गेले, की संख्या दर फेरीला दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढते. तिप्पट धरली तरी सहा फेऱ्यांत एका शेंड्याचे ७२९ कोंब होतात. महाविद्यालयाला एवढे एका शेंड्यापासून घ्यायचे कारण नाही. आठ-दहा मुनव्यांपासून थोडे थोडे घ्यावे आणि आठव्या फेऱ्यापुढे कोणतीही ओळ (एका मुनव्यापासून निघालेले कोंब) नेऊ नये, कारण बीएपीच्या सान्निध्यात फेरे वाढत गेले की खुजी, जाड पानांची किंवा पानांवर चट्टे असलेली विकृत रोपे निघू लागतात. याच कारणास्तव केळीत पेशींच्या बेढब गोळ्यापासून रोपे काढण्याऐवजी मूळ शेंड्याच्याच कळ्या फोडतात. एका ओळीच्या बाटल्यांवर मुनव्याचा क्रमांक, फेरीचा क्रमांक आणि तारीख कायम शाईने लिहावी.

बिघडलेल्या बाटल्या

बुरशी तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओल्या कापसासारखी वर येते आणि बहुधा ती हवेतून किंवा हातातून आलेली असते, म्हणजे चूक कक्षात बसणाऱ्याची किंवा कक्षाच्या हवेच्या गाळणीची आहे. जिवाणू तुकड्याच्या तळाभोवती दुधाळ वलय करतात आणि ते बहुधा मुनव्यातून आलेले असतात. ते कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत दबून राहून मग उघडे पडतात. मांडणीवर एकापाठोपाठ एक शेजारच्याच बाटल्या खराब होत असतील तर मुंग्या शोधाव्यात. साखरेच्या वासाने त्या झाकणाच्या फटीतून आत जातात आणि बीजाणू एका बाटलीतून दुसरीत नेतात. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे हा जुना उपाय आजही उपयोगी आहे. खराब बाटली खोलीत कधीही उघडू नये. झाकणासह ऑटोक्लेव्ह करूनच ती धुण्यास द्यावी.

मुळे फुटणे आणि बाहेरच्या हवेची सवय

जुलैच्या आरंभी चांगले उभे कोंब एकेक वेगळे करून अर्ध्या प्रमाणातील क्षारांच्या माध्यमात लावावेत. त्यात बीएपी घालू नये. त्याऐवजी लिटरला एक मिलिग्रॅम आयबीए हे ऑक्झिन आणि दोन ग्रॅम सक्रिय कोळसा घालावा. तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळे काळ्या माध्यमात स्पष्ट दिसतात.

बाटलीतले रोप दिसायला पूर्ण असले तरी ते बाहेर जगण्यास तयार नसते. बाटलीत हवेचा ओलावा शंभर टक्क्यांच्या जवळ असतो, त्यामुळे पानांवर मेणाचा थर धरलेला नसतो आणि पर्णरंध्रे मिटायला शिकलेली नसतात. शिवाय त्याला साखर आयती मिळत असते. रोप बाहेर काढताना मुळांना लागलेले सगळे अगार कोमट पाण्याने धुवावे, अन्यथा त्यातील साखरेवर ट्रेमध्ये बुरशी धरते. कार्बेन्डाझिमच्या द्रावणात मुळे बुडवून, वाफवलेल्या कोकोपीटच्या ट्रेमध्ये रोपे लावावीत आणि ट्रेवर बांबूच्या कमानी करून पारदर्शक प्लास्टिक पसरावे. कोकोपीट भिजवताना पुन्हा खारपाणपट्ट्याचे बोअर वापरले तर पानांच्या कडा करपतात. ऑगस्टमध्ये पावसाचे पाणी साठवून तेच वापरणे स्वस्त व चांगले.

पहिला आठवडा प्लास्टिक बंद ठेवावे आणि दिवसातून तीन-चार वेळा बारीक फवारा मारावा. दुसऱ्या आठवड्यात सकाळी तासभर एक बाजू उचलावी, तिसऱ्यात सकाळ-संध्याकाळ, आणि पाचव्या आठवड्यापर्यंत आवरण पूर्ण काढावे. ऑगस्टमधल्या उघडिपीच्या दिवशी ऊन अचानक कडक होते, तेव्हा बंद प्लास्टिकखालची रोपे दुपारच्या दोन तासांत उकडून जातात. अशा दिवशी वर सावलीची जाळी टाकून प्लास्टिकची दोन्ही तोंडे थोडी मोकळी करण्यासाठी कोणीतरी हजर असले पाहिजे. १५ ऑगस्ट, पोळा, गणेशोत्सव या सलग सुट्ट्यांत पाणी कोण देणार हे ट्रे भरण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

सप्टेंबरच्या मध्यास रोपे माती, वाळू व कुजलेल्या शेणखताच्या पिशव्यांत घालून ५० टक्के सावलीच्या जाळीखाली आणखी पाच-सहा आठवडे ठेवावीत. या काळात विकृत रोपे नजरेने निवडून काढता येतात: शेजारच्यापेक्षा निम्म्या उंचीची, पाने गुच्छासारखी जवळजवळ आलेली, पानावर फिकट पट्टे किंवा कातडीसारखा जाडपणा असलेली रोपे दया न करता उपटावीत आणि ती कोणत्या मुनव्याच्या ओळीतली आहेत हे वहीत लिहावे. एकाच ओळीत अशी रोपे वारंवार आढळली तर ती ओळ पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलेल्या बाटल्यांतूनही बाद करावी. पाच-सहा खुली पाने आणि सुमारे ३० सेंटिमीटर उंची झाली की रोपे ऑक्टोबरअखेर वावरात लावावीत. लावताना पिशवी फाडावी पण मुळांभोवतीचा गोळा फुटू देऊ नये, आणि बुंध्याचा भाग जमिनीच्या पातळीपेक्षा फार खोल जाणार नाही हे पाहावे.